ग्रेडरचा हात

वकिलांनी कागदपत्रांची यादी रश्मीच्या मोबाइलवर पाठवली, रश्मीनं ती मला पाठवली, आणि मी चष्मा लावून ती वहीत उतरवून घेतली. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यावर मोबाइलवरचं वाचून मला काम करता येत नाही. आकडे घालून, समास सोडून लिहिलेलं असलं तरच ते खरं वाटतं. एफआयआरची प्रत, जागेचा पंचनामा, दवाखान्याचं सुटीचं कार्ड, बिलं, आधार, लायसन्स, स्कूटरचे कागद. हे सगळं पिशवीत भरून झालं आणि शेवटच्या कलमावर गाडी अडली. तिथं लिहिलं होतं, 'अपघाताआधी पेशंट काय काय करू शकत होते आणि आता काय करू शकत नाहीत, ते एका कागदावर सविस्तर लिहून आणावे.'

"लिह, काहीच फरक नाही म्हणून," आमचे देवराव खाटेवरून म्हणाले. "सगळं बेस आहे."

देवराव माझे यजमान. लिहिताना नाव घ्यायला मी लाजत नाही. वय सदुसष्ट. मागच्या पोळ्याच्या आधल्या आठवड्यात मूर्तिजापूर रोडवर एका मालवाहू टेम्पोनं मागून येऊन त्यांच्या स्कूटरला उडवलं. उजव्या कोपराजवळचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी टाकली, दीड महिना प्लास्टरमधला हात गळ्यात होता. टेम्पोवाल्यावर केस झाली. टेम्पोचा विमा आहे, आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावायला हवा असं वकिलांनी फोनवर सांगितलं. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि जानेवारी तर संपत आला होता. रविवारी चार वाजताची वेळ मिळाली. पण वकील हेही म्हणाले होते, "काकू, हात पूर्वीसारखा झाला असेल तर बिलांपलीकडे फार काही मागता येणार नाही. हातातलं नेमकं काय गेलं ते मला समजलं पाहिजे."

आणि आमच्या घरात हा 'बेस आहे'चा आजार. ऑपरेशनच्या टेबलावर नेत होते तेव्हा कोणी विचारलं कसे आहात, तर म्हणाले बेस आहे. यम दारात उभा राहिला तरी हे त्याला म्हणतील, बसा, बेस आहे, चहा घेता काय?

हातातलं काय गेलं हे लिहायचं तर आधी त्या हातात काय होतं ते सांगायला हवं.

देवराव कापसाचे ग्रेडर. आताच्या पोरांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. एकाधिकार खरेदी होती तेव्हा सगळा कापूस सरकारी केंद्रावरच न्यावा लागे, आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत कोणत्या प्रतीची ते ग्रेडर ठरवी. तो गाडीवर चढे, कापसात कोपरापर्यंत हात घाले, तळातला मूठभर कापूस वर काढी, सरकीवरची रुई सोडवून दोन्ही अंगठ्यांत धरून ओढी. धागा किती लांब, किती दमाचा, आत ओल किती, सगळं बोटांना कळायचं. मशीन नव्हतं. ग्रेडर बोलला की कारकून लिही आणि गाडी पुढे सरके.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, मूर्तिजापूरच्या केंद्रावर. मला नुकतीच नोकरी लागली होती. माझे वडील भगवंत कापसाची गाडी घेऊन तीन दिवस रांगेत होते, आणि मी शकुंतलेनं रोज त्यांचा डबा घेऊन जात होते. शकुंतला म्हणजे आमची छोटी रेल्वेगाडी. तिच्यासोबत पोरं पळत आणि जिंकत. गार्डाला माझा डबा ओळखू येऊ लागला होता, मी धावत येताना दिसले की तो झेंडी खाली घेई. त्या गाडीत बसून खिडकीतून कापसाच्या गाड्यांची रांग दिसायची, रेल्वे फाटकापासून केंद्रापर्यंत पांढरीशुभ्र. बैल बसलेले, माणसं चिलमी ओढत बसलेली, कोणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव. आजही जानेवारीतलं ऊन अंगावर आलं की मला ती रांग आठवते आणि जीव उगीच हलका होतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या गाडीचा नंबर लागला. पांढरा शर्ट, बाह्या वर सारलेल्या, केसांत कापसाचे तंतू असा एक सडपातळ तरुण गाडीवर चढला. हात आत घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "वरून बेस आहे. आतून ओला आहे."

वडील म्हणाले दंव पडलं असंन. दंव कसलं आलंय. आदल्या रात्री त्यांनी वजनासाठी कापसावर दोन घागरी पाणी शिंपडलं होतं, आणि त्या घागरी विहिरीवरून मीच भरून आणल्या होत्या. मी डबा हातात धरून मुकाट उभी राहिले. देवरावांनी प्रत एक पायरी खाली लावली, पाण्याचा विषय काढला नाही, पुढच्या गाडीवर गेले. वडील घरी जाईपर्यंत त्यांना शिव्या घालत होते. चैत्रात तेच वडील आपण होऊन सोयरीक घेऊन गेले. आईनं विचारलं तर म्हणाले, "ज्याले आपली चोरी समजली अन् ज्यानं आपल्याले चोर म्हटलं नाही, तो पोरीले नीट ठेवन."

नीटच ठेवलं. हे मी तक्रार करायला बसले तरी कबूल करते.

माझे सासरे चंद्रभान अकोल्याच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये हमाल होते. रुईच्या गठाणी पाठीवरून वाहायचे. मुलगा ग्रेडर झाल्यावर सुटीच्या दिवशी ते जुन्या शहरातून निघून गाडीनं मूर्तिजापूरला जात आणि केंद्राच्या फाटकाबाहेर उभे राहून नुसतं बघत. पाटील, देशमुख, सावकार, सगळे आपापल्या गाडीशी उभे आहेत आणि चंद्रभान हमालाचा पोरगा काय म्हणतो तिकडे त्यांचे कान आहेत. मी एकदा विचारलं, मामंजी, आत काहून जात नाही? "मी दिसलो तं त्याचं ध्यान कापसावरून उडंन," म्हणाले.

खरेदी योजना बंद झाली, शकुंतला बंद झाली, बैलगाड्यांच्या जागी टेम्पो आले. देवरावांना मात्र दर हंगामात जिनिंगवाले, म्हणजे सरकी काढायचे कारखानदार, बोलवायला येतच राहिले. ओलावा मोजायचं मशीन आलं होतं, तरी जुने शेतकरी म्हणायचे, त्या मशीनचं ठेवा तिकडे, देवराव साहेब काय म्हणते ते सांगा. ते म्हणतील त्यावर भांडण होत नसे. जिनिंगवाल्याला तेवढंच हवं होतं.

शनिवारी सकाळी रश्मी अमरावतीहून आली. आमची एकुलती एक, तिथं सरकारी कार्यालयात आहे, आणि कागद कसा असावा हे तिला माझ्याहून जास्त कळतं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, उद्याची तालीम करून पाहू. मी वकील." खुर्ची ओढून ती समोर बसली. मी वही उघडली.

"हाताले काय त्रास आहे?"

"काही नाही."

"मूठ वळते?"

देवरावांनी मूठ वळून दाखवली. उघडून दाखवली. हात वर करून पंख्याकडे नेला.

"ओझं उचलता?"

"काल गव्हाचं पोतं सरकवलं. आईले विचार तुह्या."

"मंग आपण वकिलाकडे काहून जाऊन राहिलो, बाबा?"

"ते तिलेच विचार. हौस तिची आहे."

माझं डोकं फिरलं. मी वही मिटली आणि बोलायला लागले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी चहाचं गरम पातेलं यांनी उघड्या हातानं उतरवलं. बोटाला हा एवढा फोड आला, तो संध्याकाळी मी दाखवला तेव्हा यांना दिसला. शर्टाची बटणं खाली बघून लावतात. खिशात हात घालून किल्ली सापडत नाही, खिसा उलटा करावा लागतो. मी काय आंधळी आहे? पण म्हटलं, माणूस आपण होऊन सांगेल. चार महिने वाट बघितली.

रश्मीनं दवाखान्याचं कार्ड पिशवीतून काढलं. "पण आई, इथं तं लिहिलेलं आहे, बोटांची संवेदना व्यवस्थित."

"डॉक्टर सुई टोचून विचारत होते, कळते काय?" मी म्हटलं. "हे प्रत्येक वेळी म्हणत होते, कळते. मी दाराशी उभी होते. डोळे मिटायला सांगितले होते, यांचे अर्धे उघडे."

मी उठले, उशीची शिवण उसवून त्यातला कापूस काढला. दोन पुंजके केले. एक तसाच ठेवला, दुसरा पाण्यात बुडवून जरासा पिळला.

"मी मिटतो ना डोळे," देवराव म्हणाले.

"चौतीस वर्षं पेपरावर उभी राहिली मी. कॉपी कशी करते ते मले शिकवू नका. रश्मी, बांध डोळे."

रश्मीनं आपला दुपट्टा बांधला. मी त्यांचा डावा हात माझ्या हातात धरून ठेवला आणि उजव्या बोटांमध्ये ओला पुंजका दिला. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला, तसाच, पंच्याऐंशी साली चोळायचे तसाच, सावकाश, मान किंचित तिरपी करून. पाणी निघालं. ते मनगटावरून खाली ओघळायला लागलं.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

रश्मीनं माझ्याकडे बघितलं. पाण्याची धार मनगटावरून कोपराकडे गेली, आणि तिथं जाणीव शाबूत असावी, कारण देवरावांचा हात एकदम थांबला. त्यांनी डाव्या हातानं आपणच दुपट्टा खाली ओढला आणि ओल्या बाहीकडे बघत राहिले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"प्लास्टर काढलं तवापासून. तीन बोटं अन् अंगठा. आहेत, पण माहे वाटत नाही."

मग माझ्या लक्षात आलं. प्लास्टर ऑक्टोबरात काढलं. दिवाळी झाल्यावर जिनिंगवाला घरी आला होता. नोव्हेंबरभर आणि डिसेंबरातले पंधरा दिवस हे रोज जिनिंगमध्ये जात होते.

"तुमी मेल्या बोटानं लोकायचा कापूस पाहून राहिले होते?"

"रंग डोळ्यानं दिसते. किडक्या बोंडाची कवडी दिसते, कचरा दिसते," ते खाली बघत म्हणाले. "धागा ओढला की तुटताना आवाज येते, त्यावरून समजते थोडंफार. ओल तेवढी अंदाजानं सांगत होतो."

"डावा हात घालायचा ना, बाबा," रश्मी म्हणाली. "नाही तं मशीन लावायचं."

"डाव्या हातानं कापूस पाहणारा ग्रेडर पाह्यला काय कोणी? दुसऱ्या मिनिटाले समजलं असतं सगळ्यायले. अन् माह्यासमोर मशीन कोणी काढत नाही." मग म्हणाले, "खुशालरावच्या कापसाचा भाव कापला मी."

खुशालराव म्हणजे मूर्तिजापूरच्या पुढच्या खेड्यातले जुने शेतकरी. पहिल्या हंगामापासून यांच्यासमोर गाडी उभी करणारे. आता ऐंशीच्या घरात आहेत.

"पूर्ण गाडी ओली आहे म्हणून सांगतलं. त्यायनं एक शब्द काढला नाही. साहेब म्हणते म्हणजे ओला असंन, म्हणले अन् पावती घेऊन गेले. संध्याकाळी मी गंजीवर जाऊन डाव्या हातानं पाह्यला. खडखडीत कोरडा होता."

"त्याच दिवशी सोडायचं होतं मंग."

"एकदम सोडलं असतं तं लोकायनं विचारलं असतं."

मला त्यांचा भयंकर राग आला. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यानं हे करावं. आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं, कारण ही तीन बोटं हीच त्यांची सगळी इस्टेट होती आणि ती गेल्याचं त्यांनी एकट्यानं सहन केलं, मी शेजारच्या खाटेवर असताना.

रश्मी ऑफिसातल्या माणसासारखी लगेच सावरली. "वकिलाले बोटं मेली एवढंच सांगायचं. जिनिंगचं नाव काढायचं नाही. समोरचा वकील म्हणन, अपघातानंतरही धंदा सुरू होता, मंग नुकसान कायचं?"

"बोटं मेली म्हटलं की तारीख विचारतीन," देवराव म्हणाले. "तारीख सांगतली की लोक महिने मोजतीन. औंदा ज्याचा ज्याचा कापूस माह्या हातातून गेला तो तो मोजंन. राहू दे तो दावा. बापानं जन्मभर गठाणी वाहिल्या तवा कुठं माहं एक नाव झालं."

"बाबा, नागपूरले नसेचं ऑपरेशन होते. त्याले पैसा लागते, अन् उशीर झाला तं नस परत येत नाही."

"नाही आली तं नाही आली."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. या पवित्र्यात ते गेले की बैलजोडी लावली तरी हलत नाहीत, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकले. मी म्हटलं, "वकिलाचं मागून पाहू. उद्या सकाळी आधी खुशालरावकडे जाऊ."

रविवारी सकाळी मी उठून पाहते तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बटणं नेहमीसारखी खाली बघून लावली होती, फक्त आज माझ्यापासून लपवलं नाही.

रश्मीला घरी ठेवून आम्ही दोघं अकोल्याहून मूर्तिजापूरपर्यंत बसनं गेलो आणि पुढे ऑटो केला. काही अंतर रस्त्याच्या कडेनं छोट्या गाडीचे रूळ होते, गवतात बुडालेले. देवराव बाहेर बघत होते. एका बाभळीपाशी म्हणाले, "इथं थांबायची गाडी. स्टेशन नव्हतं तरी थांबायची." मला ठाऊक होतं. ती माझ्यासाठीच थांबायची. पण मी म्हटलं नाही. शेतांत कापसाची पराटी उपटून ढीग लावून ठेवले होते आणि हरभरा घाट्यावर आला होता.

खुशालराव अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. आम्हाला बघून उठायला लागले. "राम राम, साहेब. या. या, बाई." सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी बसले. देवराव बसले नाहीत.

"खुशालराव, दिवाळीनंतर तुमचा कापूस मी ओला म्हटला. तो कोरडा होता."

"होता ना," खुशालराव म्हणाले. "आठ दिवस गच्चीवर वाळवला होता. सुनेनं रोज वर-खाली केला. मले माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, तुमी हात घातला, बाहेर काढला, अन् माह्या तोंडाकडे पाह्यलं. चाळीस वर्षं झाली मी तुमच्यासमोर गाडी आणून राहिलो. तुमी कधी कोणाच्या तोंडाकडे पाह्यलं नाही. कापसाकडे पाहायचे अन् बोलायचे. मी समजून गेलो. म्हटलं, यायचा हात गेला."

"समजलं होतं तं सांगायचं होतं तिथंच."

"मागं वीस गाड्या उभ्या होत्या," खुशालराव म्हणाले. "मी तोंड उघडलं असतं तं तुमी गाडीवरून खाली कसे उतरले असते, साहेब?"

देवराव खाली बसले. खाटेवर नाही, तिथंच जमिनीवर. सासरे गेले तो दिवस सोडला तर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या अंगणात, सून चहाचे कप घेऊन दारात थबकलेली असताना, ते तोंड झाकून रडले, आणि मीही पदर तोंडाला लावला. खुशालरावांनी काही समजूत घातली नाही. ते उठून यांच्याजवळ येऊन बसले. देवराव कसंबसं म्हणाले, तुमचं नुकसान मी भरून देतो.

"ते मागून पाहू. हात दाखवा आधी."

त्यांनी देवरावांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक पेर दाबून विचारायला लागले.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"अन् अंगठा?"

"नाही, खुशालराव. तिथंही नाही. रात्री झोपेत हा हात अंगाखाली आला तं दुसऱ्याच कोणाचा वाटते. घाबरून उठतो."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी पिशवीतून वही काढली, शेवटचं कलम उघडलं आणि लिहायला घेतलं. देवरावांनी मला लिहिताना पाहिलं. थांबले नाहीत. रश्मीच्या पोराचं बोट धरलं तर धरलेलं आहे की सुटलं ते पाहावं लागते, म्हणाले. भाकरी खाताना जीभ सांगते की घास तोंडात आला. सगळं लिहिलं. जिनिंगच्या दीड महिन्याचंही लिहिलं, तारखांसकट. खुशालराव म्हणाले, साक्षीला लागलं तर मी येतो, तालुक्याला असो की अकोल्याला.

चार वाजता आम्ही तिघं अकोल्यात वकिलांकडे होतो. अनुप वकील माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, पण वाचत नीट होता, घाई करत नव्हता. रश्मी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. नसेची तपासणी करून घेऊ, म्हणाला, मशीनवर निघतं ते, तिथं कोणाला 'कळते' म्हणून चालत नाही. मग पेन्सिल घेऊन तो जिनिंगच्या परिच्छेदावर थांबला.

"काका, एवढं काढून टाकू. समोरचा वकील यावरच धरेल तुम्हाला. आणि हे बाहेर कोणाला ठाऊकही नाही."

"राहू द्या ते."

"रक्कम कमी होऊ शकते. नावाचाही प्रश्न आहे. कोर्टात मोठ्यानं वाचलं जाईल."

"म्हणूनच राहू द्या," देवराव म्हणाले. "दसऱ्याले जिनिंगवाला परत येइन. त्याले नाही म्हटलं तरी शेतकरी घरी येतीन, मूठभर कापूस रुमालात बांधून. साहेब, एवढं पाहून द्या म्हणतीन. मले नाही म्हणता येत नाही कोणाले, मी परत सांगून बसीन. एकदा कोर्टात वाचून दाखवा. मंग कोणी येणार नाही."

अनुपनं पेन्सिल खाली ठेवली. रश्मी तोंड वळवून खिडकीकडे बघायला लागली. मला वाटलं, फाटकाबाहेर उभं राहून सासरे काय बघत होते ते मला आज कळलं, आणि माझ्या नवऱ्याचा मला अभिमान वाटला.

मग वकीलपत्रावर सही. देवरावांनी पेन धरलं आणि कागदावर टेकवलं. किती जोर लागतो ते त्यांना कळत नव्हतं. 'दे'च्या मात्रेवर कागद फाटला. अनुपनं दुसरा दिला, तोही फाटला. तिसऱ्या वेळी मी खुर्चीवरून उठून त्यांच्या मागं उभी राहिले आणि त्यांच्या मुठीवर माझा हात ठेवला. पहिलीच्या वर्गात शेकडो मुलांचे हात मी असे धरले आहेत.

"एवढं दाबू नका," मी म्हटलं. "हळू. आता वर घ्या. आता खाली."

सही वाचता येत होती. अनुप म्हणाला, चालेल.